अडलेल्या काट्याची शिक्षा पोटाला नको

दिवाळीचा फराळ संपला किंवा जानेवारी उजाडला की घरोघरी डाएट सुरू होते. कुणी दिवसातून दोनदाच जेवायचे ठरवतो, कुणी रात्रीचे जेवण सोडतो, कुणी भात आणि साखर घरातून हद्दपार करतो. पहिल्या महिन्यात तीन-साडेतीन किलो वजन उतरते. कपडे सैल होतात, शेजारीपाजारी विचारू लागतात, ऑफिसात कौतुक होते. दुसऱ्या महिन्यात दोन किलो, तिसऱ्यात दीड, चौथ्यात जेमतेम एक. आणि मग काटा एका आकड्यावर असा बसतो की हलायचे नाव घेत नाही. आहार तोच, चालणे तेच, पण आकडा सत्तर म्हणजे सत्तर.

इथून पुढे माणसे साधारण दोन वाटांनी जातात. काही जण ‘आपल्या अंगाला डाएट लागूच पडत नाही’ म्हणून सगळे सोडून देतात आणि वर्षभरात उतरलेले वजन परत मिळवतात. काही जण उलट हट्टाला पेटतात. दोन पोळ्यांची एक करतात, सकाळचा नाश्ताही बंद करतात, आठवड्यातून दोन दिवस नुसत्या ताकावर काढतात. घरचे म्हणतात, ‘बाहेर काहीतरी खात असशील’. डॉक्टरकडे गेले तर तेही वजनाचा आकडा केसपेपरवर लिहिताना म्हणतात, ‘खाण्यावर ताबा ठेवा’. चार महिने अर्धपोटी राहिलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावे लागते.

या दोन्ही वाटा चुकीच्या आहेत आणि डॉक्टरांचे ते ठरावीक वाक्यही तितकेच चुकीचे आहे. वजन उतरण्याचा वेग मंदावणे हा आहार फसल्याचा पुरावा नाही. तो जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येतो, आणि का येतो हे शरीरशास्त्राने बऱ्यापैकी उलगडले आहे. ते आहार सुरू करतानाच सांगितले, तर पुढची बरीच निराशा आणि काही धोकेही टळतील.

आधी पहिल्या महिन्याचा हिशेब पाहू, कारण फसगत तिथूनच सुरू होते. यकृतात आणि स्नायूंत मिळून चार-पाचशे ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. खाणे, विशेषतः पोळी-भात, एकदम कमी केले की हा साठा पहिल्यांदा वापरला जातो आणि त्याच्याबरोबरचे पाणी लघवीवाटे निघून जाते. त्यात जेवण कमी म्हणजे मीठही कमी, त्यामुळे आणखी थोडे पाणी. पहिल्या पंधरा दिवसांत उतरणाऱ्या वजनात चरबीपेक्षा या पाण्याचा भाग पुष्कळदा मोठा असतो. ‘दहा दिवसांत चार किलो’ अशा जाहिराती या पाण्यावरच चालतात. तो वेग खरा धरला की पुढचा प्रत्येक महिना अपयशाचा वाटू लागतो.

दुसरी फसगत एका जुन्या हिशेबाची. अमेरिकेतील मॅक्स विश्नोफस्की या डॉक्टरांनी १९५८ साली मांडले की एक पौंड वजन उतरवायला ३५०० कॅलरींची तूट लागते, म्हणजे किलोमागे साधारण ७७०० कॅलरी. एक किलो शरीरातल्या चरबीत किती ऊर्जा असते, एवढ्यापुरते ते बरोबरच आहे. पण त्यावरून लोकांनी (आणि पाठ्यपुस्तकांनी) सरळ त्रैराशिक मांडले: रोज पाचशे कॅलरी कमी खा, महिन्याला दोन किलो उतरतील, वर्षाला चोवीस. हे त्रैराशिक गृहीत धरते की वजन उतरले तरी शरीराचा खर्च पहिल्याइतकाच राहील. तसे होत नाही.

समजा, सेहेचाळीस वर्षांच्या एक शिक्षिका आहेत. उंची १५५ सेंटिमीटर, वजन ७८ किलो. त्यांच्या शरीराचा दिवसाचा खर्च अंदाजे १९०० कॅलरी. त्यांनी १३०० कॅलरींचा आहार सुरू केला, म्हणजे रोज सहाशेची तूट. चार महिन्यांत पाण्यासकट आठ किलो उतरले. आता सत्तर किलोंचे शरीर चालवायला, जिने चढवायला, फळ्यासमोर उभे ठेवायला आधीपेक्षा कमी ऊर्जा लागते. शिवाय शरीर थोडी जास्तीची काटकसर करते, ती वेगळी. अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधील केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या हिशेबानुसार उतरलेल्या प्रत्येक किलोमागे दिवसाचा खर्च वीस ते तीस कॅलरींनी घटतो. म्हणजे बाईंचा खर्च आता १७०० च्या आसपास. सहाशेची तूट चारशेवर आली, तीही त्या अजून काटेकोर १३०० च खात असतील तर.

ही काटकसर किती खोलवर जाते, याचे सर्वांत जुने आणि सर्वांत कठोर उदाहरण दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरचे आहे. युद्धानंतर युरोपातल्या उपाशी लोकांना पुन्हा खाऊ कसे घालावे, हे समजून घेण्यासाठी अँसेल कीज यांनी मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये एक प्रयोग केला. लढाईवर जायला तत्त्व म्हणून नकार दिलेले ३६ निरोगी तरुण त्यात स्वेच्छेने आले होते. चोवीस आठवडे त्यांना दिवसाला सुमारे १५७० कॅलरींचा आहार मिळाला, आणि आठवड्याला पस्तीस किलोमीटर चालायचे होते. त्यांचे वजन जवळजवळ चतुर्थांशाने घटले. पण विश्रांतीच्या स्थितीत शरीर जी ऊर्जा खर्च करते ती सुमारे चाळीस टक्क्यांनी उतरली. त्यांना सतत थंडी वाजे, नाडी संथ झाली, हालचाल नकोशी झाली. डोक्यात मात्र दिवसरात्र खाण्याचेच विचार. काही जण पाककृतींची पुस्तके जमवू लागले. ही माणसे खंबीर मनाची होती, तुरुंगवासाची धमकीही त्यांना हलवू शकली नव्हती. तरी भुकेने त्यांची ही अवस्था केली.

अर्थात घरगुती डाएट म्हणजे मिनेसोटा नव्हे. १९९५ मध्ये रूडॉल्फ लिबेल आणि सहकाऱ्यांनी माणसांचे वजन काटेकोर देखरेखीखाली दहा टक्क्यांनी उतरवून मोजमाप केले, तेव्हा शरीराच्या घटलेल्या आकारावरून जो खर्च अपेक्षित होता त्याहूनही तो सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी भरला. त्यातला बराचसा फरक हालचालीच्या खर्चातला होता. स्नायू तेच काम कमी ऊर्जेत करू लागतात. शिवाय माणूस नकळत कमी हलतो. उभ्याने बोलायचे ते बसून बोलतो, पाणी स्वतः उठून घेण्याऐवजी मुलाला आणायला सांगतो. सकाळचा पाऊण तासाचा फेरफटका ठरल्याप्रमाणे होतो, पण उरलेल्या सोळा तासांतली हालचाल आटते आणि तिची कुठे नोंद होत नाही.

भुकेची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. १९९४ मध्ये लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागला. ते चरबीच्या पेशींतून स्रवते आणि घरात साठा किती आहे याची बातमी मेंदूला देते. चरबी घटली की लेप्टिन घटते, मेंदूला कोठार रिकामे होत असल्याचे कळते आणि तो भूक वाढवतो. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी पन्नास स्थूल व्यक्तींना दहा आठवडे अतिशय कमी कॅलरींचा आहार दिला. वर्षानंतरही भूक वाढवणारी संप्रेरके चढी होती, पोट भरल्याची जाणीव देणारी उतरलेलीच होती. हॉल यांच्या गटाने २०१६ मध्ये या ओढीला आकडा दिला. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या एका औषधाच्या चाचणीतल्या रुग्णांचा त्यांनी अभ्यास केला. आपल्या शरीरातून रोज कॅलरी बाहेर पडताहेत याची या रुग्णांना जाणीव नव्हती. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे त्यांचे खाणे दिवसाला सुमारे शंभर कॅलरींनी वाढण्याची ओढ दिसली. म्हणजे खर्चातल्या घटीपेक्षा भुकेतली वाढ तीन-चार पटींनी मोठी.

आपल्या शिक्षिकाबाईंच्या बाबतीत याचा अर्थ असा, की आठ किलो उतरल्यावर त्यांची भूक त्यांना रोज सात-आठशे कॅलरी जास्त खायला खुणावते आहे. तरीही त्यांनी वजन सत्तरवर धरून ठेवले आहे. बाहेरून पाहणाऱ्याला काटा थांबलेला दिसतो. आत मात्र या बाई पहिल्या महिन्यापेक्षा जास्त कष्ट करताहेत, आणि ‘खाण्यावर ताबा ठेवा’ हे त्यांना ऐकावे लागते आहे!

आता एक अवघड मुद्दा, जो टाळून चालणार नाही. शरीराची काटकसर खरी असली तरी चौथ्या महिन्यात काटा पूर्ण थांबायला ती एकटी बहुतेकदा पुरत नाही. केवळ तिच्यामुळे वेग फक्त मंदावला असता. उरलेला वाटा खाण्याचा असतो. खाणे हळूहळू वाढलेले असते आणि खाणाऱ्याला ते खरोखर कळलेले नसते. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘आम्ही बाराशे कॅलरींहून कमी खातो तरी वजन उतरत नाही’ अशी तक्रार असलेल्या दहा जणांचे खाणे नेमके मोजले गेले. त्यांनी सांगितलेल्या आकड्यापेक्षा प्रत्यक्ष खाणे जवळजवळ दुप्पट निघाले. त्यांचा शरीराचा खर्च अगदी सर्वसामान्य होता. ही माणसे खोटे बोलत नव्हती. अंदाज चुकणे हा मनुष्यस्वभाव आहे, आणि भुकेल्या माणसाचा अंदाज जास्त चुकतो.

आपल्याकडच्या स्वयंपाकघरात हा अंदाज कुठे चुकतो हे थोडे बारकाईने पाहिले तर उलगडते. पोळ्या मोजल्या जातात, तेल मोजले जात नाही. पोहे खायच्या एका मोठ्या चमच्यात, म्हणजे पंधरा मिलिलिटर तेलात, सव्वाशेच्या आसपास कॅलरी असतात. फोडणी जराशी सढळ झाली तरी एक भाकरी वाढल्यासारखेच. कोशिंबिरीत, भाजीत दाण्याचा कूट पडतो. मूठभर शेंगदाणे म्हणजे पावणेदोनशे कॅलरी. दिवसाचे चार चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, दूध वेगळे. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याची आमटी, वर वेफर्स, आणि तरी त्या दिवसाची नोंद ‘उपवास’ अशीच होते. मुलांच्या डब्यात उरलेले टाकवत नाही म्हणून आई खाते. पहिल्या महिन्यात हे सगळे डोळ्यांत तेल घालून पाहिलेले असते, चौथ्यात ते तेल परत कढईत गेलेले असते.

शिक्षिकाबाईंचे खाणे अशा वाटांनी १३०० वरून १६०० वर आले असेल, तर १७०० च्या खर्चातून उरते शंभरची तूट. शंभर कॅलरींच्या तुटीने महिन्याला चारशे ग्रॅमसुद्धा चरबी उतरत नाही. आणि माणसाचे वजन तर पाण्यामुळेच एका दिवसात किलो-दीड किलो वरखाली होते. काल लग्नात लोणचे-पापड झाले, आज पाणी साठले. मासिक पाळीच्या आधी अनेकींचे वजन वाढते. बद्धकोष्ठाने वाढते. नव्याने व्यायाम सुरू केला की स्नायूंत थोडे पाणी धरले जाते. मिनेसोटाच्या तरुणांच्या पायांवर तर सूज आली होती, चरबी आणि स्नायू झिजत असताना पाणी साठत होते. चारशे ग्रॅमचा खरा बदल या दीड किलोच्या चढउतारात दिसणार कसा? रोज काट्यावर उभे राहून त्या दिवसाच्या आकड्यावर सुखदुःख ठरवणे यासाठीच निरर्थक आहे. आठवड्यातून तीन-चारदा, सकाळी शौचानंतर, त्याच कपड्यांत वजन करून आठवड्याची सरासरी काढावी आणि महिन्या-महिन्याची तुलना करावी. पाळी असलेल्या स्त्रियांनी चक्रातल्या त्याच दिवसाशी तुलना करावी.

एकदा थायरॉइडची तपासणी करून घेणे रास्त आहे, पण प्रत्येक अडलेल्या काट्यामागे थायरॉइड शोधू नये. त्यापेक्षा चालू औषधांकडे लक्ष द्यावे. स्टिरॉइड, इन्शुलिन, ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्या, पायोग्लिटाझोन, फिट्सवरचे व्हॅल्प्रोएट, मानसिक आजारांवरची ओलान्झापिनसारखी औषधे वजन वाढवतात. ती स्वतःहून बंद करायची नाहीत. पण ‘याला पर्याय आहे का’ हे डॉक्टरांना विचारण्याचा रुग्णाला हक्क आहे.

वजन थांबले म्हणजे फायदाही थांबला का? इथे भारतातलाच एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखाली मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ व्यक्तींचा तीन वर्षे पाठपुरावा झाला, निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. आहार आणि चालणे सुधारलेल्या गटात मधुमेह होण्याचा धोका साडेअठ्ठावीस टक्क्यांनी कमी झाला. आणि त्या गटाच्या वजनात म्हणावी अशी घट झालीच नव्हती. काट्याने ज्यांना नापास केले असते, त्यांच्यापैकी कितीतरी जणांचा मधुमेह टळला किंवा लांबला. अमेरिकेतल्या २००२ च्या अशाच मोठ्या अभ्यासात धोका ५८ टक्क्यांनी घटला, तिथली सरासरी वजनघट होती साडेपाच किलोंच्या आसपास. एकदम वीस किलो कुणीच उतरवले नव्हते असे नाही, पण फायदा त्यांच्यापुरता नव्हता.

भारतीयांसाठी तर एकट्या काट्यावर विसंबणे आणखी धोक्याचे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले होते. दोघांचाही बीएमआय नेमका २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! आपली चरबी पोटात, यकृताभोवती साठते, म्हणून आपल्याकडे बीएमआयची मर्यादा २३ धरली जाते आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगितले जाते. वजन न हलता घेर दोन-तीन सेंटिमीटरने कमी होणे, एचबीए१सी सातच्या खाली येणे, रक्तदाबाची एक गोळी सुटणे, जिना चढताना गुडघा कमी दुखणे ही प्रगतीच आहे. गुडघ्याचे गणित तर फारच उदार आहे. एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. आठ किलो उतरवलेल्या बाईंचे गुडघे दर पावलाला बत्तीस किलोंचे ओझे वाचवताहेत, मग काटा महिनाभर सत्तरवर का असेना.

सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत वजनाचा काटा दाराशीच असतो. घेर मोजायची टेप शोधावी लागते. शिंप्याकडे मिळते तसली, वीस-तीस रुपयांची ही वस्तू. ज्याचे माप घेतले जात नाही त्याचे कौतुकही होत नाही.

काटा अडल्यावर आहार अधिक कडक करणाऱ्यांचे काय होते, तेही सांगायला हवे. उतरणाऱ्या वजनात साधारण चौथा हिस्सा चरबीखेरीज इतर ऊतींचा, त्यात स्नायूंचा मोठा वाटा असतो. प्रथिने अपुरी आणि व्यायाम नाही, तर तो हिस्सा वाढतो. आपल्याकडे पोळी-भाजी-भाताच्या ताटात प्रथिने मुळातच कमी. त्यातले निम्मे काढून टाकले की उरते फारच थोडे. पुढे वजन परत येते तेव्हा चरबी आधी येते, स्नायू सहज येत नाहीत. पन्नाशी-साठीच्या माणसाला हा सौदा फार महाग पडतो. आठवड्याला दीड किलोहून वेगाने वजन उतरत राहिले की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. दोन-तीन महिन्यांनी केस मूठभर गळू लागतात, आणि मग त्यावरचे शाम्पू सुरू होतात.

मधुमेहींनी तर हा हट्ट करूच नये. ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्शुलिन तेवढेच ठेवून जेवण अर्धे केले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, तीही झोपेत. डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधे घेणाऱ्यांनी पोळी-भात जवळजवळ बंद केले तर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठण्याचा प्रसंग येऊ शकतो. रक्तदाबाच्या गोळ्या वजन उतरल्यावर जास्त होतात आणि उठताना चक्कर येते. ब्रिटनमध्ये २०१७ च्या ‘डायरेक्ट’ या अभ्यासात सव्वाआठशे ते साडेआठशे कॅलरींच्या आहाराने जवळजवळ निम्म्या लोकांचा टाइप-२ मधुमेह वर्षअखेरीस औषधांविना आटोक्यात होता, हे खरे. पण तिथे मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधे पहिल्याच दिवशी बंद केली होती, कडक आहार तीन ते पाच महिन्यांपुरताच होता आणि नंतर अन्न पायरीपायरीने वाढवले होते. आपल्याकडे त्यातले फक्त ‘आठशे कॅलरी’ व्हॉट्सॲपवर पोचले.

दिवसातून दोनदाच जेवण्याची डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत बरी की थोड्या थोड्या वेळाने खाण्याची ऋजुता दिवेकरांची, यावर महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत जोरदार वाद झाले. काटा दोन्हीकडे अडतो. कारण शरीर किती वाजता खाल्ले यापेक्षा साठा किती घटला याची जास्त दखल घेते. गाजत असलेल्या वजनाच्या इंजेक्शनांनीही सुमारे वर्षभराने वजन एका पातळीवर थांबते. फरक एवढाच की ती भुकेचा आवाज दाबतात, म्हणून थांबण्याची जागा बरीच खाली असते. इंजेक्शन बंद केले की तो आवाज परत येतो.

मग करायचे काय? काटा दीड-दोन महिने खरोखर हलला नसेल, तर एक आठवडा तेल, साखर, दाणे आणि चहा यांची मोजून नोंद ठेवावी, कुणाला दाखवण्यासाठी नाही, स्वतःसाठी. घरात दोन माणसांना महिन्याला तेल किती लागते, हे वाण्याच्या बिलावरून कळते, तेवढेही पुरते. जेवणातून आणखी काही काढण्याआधी त्यात काय घालता येईल ते पाहावे: दोन्ही जेवणांत घट्ट डाळ किंवा उसळ, दही, अंडे, मासे, पनीर, सोयाबीन यांपैकी काहीतरी. वजन उतरवत असताना किलोमागे एक ग्रॅम किंवा थोडी जास्त प्रथिने मिळावीत (मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच). चालण्याला आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीच्या व्यायामाची जोड द्यावी. त्यासाठी जिमच हवी असे नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे यानेही सुरुवात होते.

झोपेचा उल्लेख सहसा शेवटी आणि घाईत होतो, पण तिचा परिणाम नजरेत भरण्याजोगा आहे. शिकागोतील २०१० च्या एका छोट्या पण काटेकोर प्रयोगात त्याच माणसांना, तेवढ्याच कॅलरी देऊन, एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास झोपेची मुभा दिली. वजन दोन्ही वेळा सारखेच उतरले. पण कमी झोपेच्या काळात त्यातला चरबीचा वाटा निम्म्याहून कमी झाला, बाकीचे स्नायूंकडून गेले. रात्री बारापर्यंत मोबाइल आणि पहाटे पाचला चालायला, अशा उत्साहाला आवर घातलेला बरा.

आणि काही महिने वजन आहे तिथे टिकवणे हेच उद्दिष्ट धरायलाही हरकत नाही. ही माघार नाही. १९९४ पासून अमेरिकेत वजन उतरवून टिकवलेल्यांची एक नोंदवही चालते. किमान साडेतेरा किलो उतरवून ते वर्षभर टिकवलेल्यांनाच त्यात प्रवेश. त्यांची वजन उतरवण्याची रीत नाना प्रकारची, टिकवण्याची मात्र बरीचशी सारखी: दिवसाला तासभर हालचाल, नियमित वजन, नाश्ता न चुकवणे, सुट्टीच्या दिवशीही तसेच खाणे. त्यात पराक्रमी असे काही नाही. आहार इतका कडक असेल की तो दोन वर्षे, लग्नसराई आणि गणपती धरून, पाळता येणार नाही, तर तो लिहून देणाऱ्याने आधी विचार करावा. तेराशे कॅलरींत कुढणाऱ्या माणसापेक्षा पंधराशेंत निभावणारा माणूस वर्षअखेरीस बहुधा पुढे असतो. ज्याचे वजन उंचीच्या मानाने मर्यादेत आले आहे, त्याने तर थांबायलाच हवे. तिथे काटा अडत नाही, पोचलेला असतो.

घरच्यांनी ‘किती उतरले?’ हा प्रश्न काही दिवस बाजूला ठेवावा. डॉक्टरांना पाच मिनिटांत तीस रुग्ण तपासायचे नसतात, पण कधी कधी तसे वाटावे इतकी गर्दी असते हे मान्य. तरीही ‘वजन का उतरले नाही’ या प्रश्नाऐवजी ‘भूक किती लागते, झोप किती होते, प्रथिने कशातून घेता’ हे तीन प्रश्न विचारायला वेळ तेवढाच लागतो. केसपेपरवर वजनाच्या रकान्याशेजारी कमरेच्या घेराचा आकडा लिहावा, मागच्या वेळचा आकडा रुग्णाला वाचून दाखवावा आणि औषधांचे डोस त्या दिवशीच तपासून कमी करावेत. पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची न देता सहा आठवड्यांची द्यावी, कारण बहुतेक जण आहार सोडतात ते या मधल्या काळातच.